कापसाचा भाव पानावर: वेबवरून खेचलेली माहिती ब्राउझरमध्ये कशी दाखवायची

(यवतमाळ येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



विषय तसा लहान दिसतो. एका संकेतस्थळावर माहिती आहे, ती प्रोग्रॅम लिहून उचलायची आणि आपल्या पानावर दाखवायची. उचलण्याचा भाग विद्यार्थ्यांना पटकन जमतो. पायथनमध्ये पंधरा-वीस ओळी लिहिल्या की काळ्या खिडकीत आकडे धडाधड उतरायला लागतात. मग गाडी अडते. "हे आता पानावर कसं आणायचं?" आज मी याच अडलेल्या जागेबद्दल बोलणार आहे, आणि उदाहरण घेणार आहे आपल्याच जिल्ह्यातलं, कापसाच्या भावाचं.

हेच उदाहरण का? कारण इथे आकडा चुकला तर कुणाचं तरी भाडं वाया जातं. राळेगाव तालुक्यातला एक शेतकरी धरा. घरात वीस क्विंटल कापूस आहे. गावात येऊन घेणारा व्यापारी आहे, म्हणजे आपली खेडा खरेदी. राळेगावची बाजार समिती आहे, यवतमाळ आहे, पांढरकवडा आहे, आणि वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट आहे. क्विंटलमागे दोनशे रुपयांचा फरक असेल तर चार हजार रुपये झाले. त्यातून गाडीभाडं आणि हमाली जायची. एकदा कापूस भरून गाडी निघाली की ती भरलेली परत आणणं परवडत नाही. म्हणजे निर्णय घरून निघतानाच होतो, आणि हल्ली तो फोनवर एक आकडा बघून होतो.

इथे वयस्क मंडळी बसली आहेत, त्यांना आठवत असेल. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. खासगी व्यापाऱ्याला विकायचीच सोय नव्हती. चोरून परराज्यात जाणारा कापूस सोडला, तर "कुठे जास्त भाव आहे" हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असायचा चुकारा कधी मिळणार. (हशा) आज बाजार अनेक आहेत, म्हणून तुलना आली, आणि तुलना आली म्हणून तक्ता आला.

आता ही माहिती असते कुठे? महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आपल्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि दर देतं. केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट आहे, ते २००० सालापासून चालू आहे. आणि डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर ॲगमार्कनेटचे रोजचे भाव एपीआयमधून मिळतात. एपीआय म्हणजे माणसासाठी नटवलेलं पान नाही, प्रोग्रॅमसाठी उघडलेली खिडकी. तिथे नोंदणी करून एक चावी घ्यायची, मग माहिती थेट जेसन किंवा सीएसव्ही स्वरूपात येते. नमुन्याची चावी वापरली तर एका वेळी १० नोंदीच मिळतात, तेव्हा "फक्त दहाच बाजार का दिसतात" म्हणून डोकं खाजवत बसू नका. आणखी एक फरक म्हणजे या एपीआयच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो, पण आवक किती झाली हे नसतं. ते पणन मंडळाच्या तक्त्यात असतं. आवक का महत्त्वाची, ते पुढे सांगतो.

तेव्हा पहिला नियम असा, की खिडकी उघडी असेल तर भिंतीवरून उडी मारू नका. पान खरवडायची वेळ खिडकी नसेल तेव्हाच येते.

आणि पान खरवडतानासुद्धा आधी एक गोष्ट तपासा. पुष्कळदा तक्ता डोळ्यांना दिसतो, पण प्रोग्रॅमने पान उतरवलं की त्यात तक्ताच नसतो. कारण पान आधी रिकामं येतं, आणि मग त्यातली जावास्क्रिप्ट सर्व्हरला दुसरी विनंती पाठवून तक्ता भरते. अशा वेळी ब्राउझरची डेव्हलपरची साधनं उघडा, त्यात नेटवर्कचा भाग असतो. बाजार समिती निवडा आणि कोणती विनंती जाते ते बघा. बहुतेक वेळा तिथे स्वच्छ माहितीच सापडते, पानाची टरफलं सोलावी लागत नाहीत.

आता मुख्य अडचण. नवशिका काय करतो? त्याचं एचटीएमएलचं पान तयार आहे. तो त्यातच जावास्क्रिप्टचा फेच लिहितो आणि थेट सरकारी पत्त्यावर विनंती पाठवतो. पान कोरं राहतं, कन्सोलमध्ये लाल ओळ येते आणि तिच्यात कॉर्स असा शब्द असतो. त्याला वाटतं सर्व्हरने आपल्याला हाकललं. पण सर्व्हरने हाकललेलं नसतं! साध्या विनंतीच्या बाबतीत उत्तर ब्राउझरपर्यंत आलेलं असतं. ब्राउझर ते तुमच्या स्क्रिप्टच्या हातात देत नाही.

का देत नाही? कारण त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबवर तुमची बँक उघडी असते. कुठल्याही पानातली स्क्रिप्ट कुठल्याही संकेतस्थळाची उत्तरं वाचू शकली असती, तर एखाद्या गाण्यांच्या पानाने गुपचूप तुमच्या खात्यातली शिल्लक वाचली असती. म्हणून नियम असा की पान ज्या ठिकाणाहून आलं त्याच ठिकाणची उत्तरं त्याने वाचावीत. ठिकाण म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट, तिन्ही सारखे. दुसऱ्या ठिकाणचं वाचायचं असेल तर त्या सर्व्हरने उत्तरासोबत "हे इतरांनी वाचलं तरी चालेल" अशी चिठ्ठी जोडावी लागते. चिठ्ठी नसेल तर ब्राउझर पाकीट फोडू देत नाही. तुमचा पायथनचा प्रोग्रॅम मात्र ब्राउझर नाही. त्याच्यावर ही राखण नाही, म्हणून काळ्या खिडकीत सगळं नीट चालतं.

यावर नेटवर एक चोरवाट सुचवली जाते: कुणाचा तरी फुकट मध्यस्थ सर्व्हर मध्ये घाला. करू नका. तो मध्यस्थ उद्या बंद पडेल, नाहीतर आकडे बदलून देईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

सरळ वाट अशी आहे. काम दोन भागांत तोडा. एक प्रोग्रॅम दिवसातून एक-दोनदा चालेल, भाव आणेल, साफ करेल आणि एका जेसन फाइलमध्ये लिहून ठेवेल. तुमचं पान फक्त शेजारी ठेवलेली ती फाइल वाचेल. पान आणि फाइल एकाच ठिकाणची, त्यामुळे कॉर्सचा प्रश्न उरतच नाही. तुमची चावीही पानात उघडी पडत नाही. पाचशे लोकांनी पान उघडलं तरी सरकारी सर्व्हरवर विनंती एकच जाते. आणि तो सर्व्हर बंद असला तरी कालची फाइल तुमच्याकडे असते. कापसाचा भाव शेअर बाजारासारखा सेकंदाला हलत नाही, मग थेट जोडणीचा हट्ट कशाला?

एक बारीक गोष्ट. घरी चाचणी करताना पानावर डबल क्लिक करून उघडलं तर शेजारची फाइलसुद्धा वाचता येत नाही, कारण तिथे ब्राउझरला ठिकाणच कळत नाही. पायथनसोबत येणारा छोटा सर्व्हर त्याच फोल्डरमधून एका ओळीत सुरू होतो. त्यातून पान उघडा, चालेल.

इथपर्यंतचं एका दुपारी शिकता येतं. खरं काम फाइल लिहिण्याच्या आधी आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण पान कोरं राहिलं तर चूक दिसते. पान सुंदर दिसलं आणि आकडा खोटा असला, तर ती चूक कुणाच्याच लक्षात येत नाही.

भाव बघा: सात हजार एकशे एकवीस. तक्त्यात तो स्वल्पविराम घालून लिहिलेला असतो, ७,१२१. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला हे दिलं तर तो स्वल्पविरामापाशी थांबतो आणि उत्तर देतो ७. सात रुपये क्विंटल! कुठेही लाल ओळ नाही. आता रिकामा रकाना घ्या. त्या दिवशी त्या बाजारात कापूस आलाच नाही. रिकामी अक्षरमाळ नंबर या फंक्शनला दिली तर उत्तर येतं शून्य. म्हणजे "खरेदी झाली नाही" याचं रूपांतर "भाव शून्य" असं झालं, आणि तुमचा आलेख धाडकन तळाला गेला. नसलेली माहिती आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसलेल्या जागी नल ठेवा आणि पानावर शब्दांत लिहा, "आवक नाही".

देवनागरी आकड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पायथनचा इंट देवनागरी आकडे मुकाट्याने ओळखतो. जावास्क्रिप्ट मात्र ओळखत नाही, ती एनएएन म्हणते, म्हणजे "हा आकडा नाही". म्हणून आकडे पायथनमध्येच साफ करा, फाइलमध्ये साधी संख्या ठेवा. दाखवताना जावास्क्रिप्टला मराठी-भारत अशी भाषा सांगितली की ती आपणहून देवनागरी आकडे आणि स्वल्पविराम घालून देते.

जुन्या मराठी पानांवर आणखी एक सापळा असतो. पडद्यावर "कापूस" दिसतं, उचललं की हाती येतं इंग्रजीतलं डी, के, आय, डब्ल्यू, एल. बिघाड काही नाही, ते कृतीदेवमध्ये टाइप केलेलं आहे. त्या फाँटमध्ये अक्षरं मुळात रोमन असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

आता तारीख. आपल्याकडे ०५/१२ म्हणजे पाच डिसेंबर. जावास्क्रिप्टची डेट ही अक्षरमाळ अमेरिकी पद्धतीने वाचते आणि तिला बारा मे समजते. गंमत अशी की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत ही चूक निमूट खपते. तेरा तारखेला मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तारीख अवैध ठरते. मुलं म्हणतात, काल चालत होतं, आज बिघडलं. बाबा, कालही बिघडलेलंच होतं. तारीख स्वतः तोडा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहून ठेवा.

आणि "आज" कोणती तारीख, हासुद्धा प्रश्न आहे. जावास्क्रिप्टमध्ये आजची तारीख काढायला पुष्कळ जण टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरतात. ती जागतिक वेळेने तारीख देते, आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत त्या प्रोग्रॅमच्या लेखी काल चालू असतो. आता सांगा, कापसाच्या गाड्या कधी निघतात? भल्या पहाटे. चार वाजता माणूस पान उघडतो, आणि कालच्या भावाची तारीख पान म्हणतं त्या "आज"शी जुळते. कालच्या भावावर "आजचा भाव" असा शिक्का बसतो. प्रयोगशाळेत दुपारी बारा वाजता ही चूक कधीच सापडणार नाही.

नावांचं थोडक्यात. यवतमाळचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, आजचं वेगळं. वणी आपल्या जिल्ह्यात आहे, तशी नाशिक जिल्ह्यातही आहे. तालुका केळापूर, पण गाव आणि बाजार पांढरकवडा. तुम्ही तालुक्यांचा नकाशा आणि बाजाराचा तक्ता नावावरून जोडायला गेलात तर पांढरकवड्याचा भाव हवेत राहतो. एक छोटा तक्ता हाताने करून ठेवा: हे नाव म्हणजे हा बाजार, हा जिल्हा. आपल्या जिल्ह्यासाठी तासाभराचं काम आहे.

फाइल लिहिण्याआधी शेवटची चाळणी लावा. रकान्यांची शीर्षकं कालचीच आहेत का? कारण उद्या कुणी मध्ये एक रकाना वाढवला की तुमच्या पानावर आवकेच्या जागी भाव आणि भावाच्या जागी आवक येईल. किमान दर सर्वसाधारणापेक्षा जास्त तर नाही ना? सर्वसाधारण कमालपेक्षा जास्त तर नाही ना? यात काही बिनसलं तर नवी फाइल लिहूच नका, जुनी राहू द्या आणि स्वतःला एक संदेश पाठवा. मात्र एखादा भाव फक्त विचित्र वाटतो म्हणून गाळू नका. भिजलेल्या कापसाचा भाव खरोखरच पडतो.

आता प्रत्यक्ष दाखवणं. फाइल वाचली, प्रत्येक नोंदीसाठी तक्त्यात एक ओळ तयार केली. मजकूर घालताना टेक्स्ट-कन्टेंट वापरा, इनर-एचटीएमएल नको. बाहेरून आलेल्या मजकुरात कुणी स्क्रिप्ट दडवली असेल तर इनर-एचटीएमएलमुळे तुम्ही ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू करू शकता. सरकारी पानावरून आलं म्हणून विश्वास टाकायचा नसतो.

प्रत्येक ओळीत बाजार, तारीख, प्रत, आवक आणि तिन्ही दर दाखवा. वर "रुपये प्रति क्विंटल" लिहा. तारीख पानाच्या माथ्यावर एकदाच लिहून भागत नाही, कारण राळेगावचा भाव आजचा असेल आणि आर्णीचा चार दिवसांपूर्वीचा. जुनी ओळ फिकी करा आणि "चार दिवसांपूर्वी" असं शब्दांत लिहा. उन्हात फोन धरला की रंग दिसत नाहीत, शब्द दिसतात.

सगळ्यात वरचा भाव हिरव्या रंगात ठळक करायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. कमाल दर त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या एखाद्या ढिगाला मिळालेला असतो. एका बाजाराचा कमाल दुसऱ्याच्या सर्वसाधारणाशी ताडून पाहिला तर माणूस उगाच चाळीस मैल जाईल. तुलना सर्वसाधारण दरांचीच करा, आणि शेजारी आवक दाखवा. दहा क्विंटल आवकेवरचा भाव आणि दोन हजार क्विंटल आवकेवरचा भाव सारख्या वजनाचे नसतात. म्हणून मी मघाशी म्हटलं की आवकेचा रकाना हवाच.

तक्त्याखाली हमीभावाची एक ओळ द्या. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. पण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून ओला कापूस घेत नाहीत. ही अट न लिहिता नुसता आकडा दाखवलात तर ओला कापूस घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला तुमचं पान खोटं वाटेल. आणि त्याचं बरोबर असेल.

प्रश्न: हे असं खेचणं कायद्यात बसतं का?

एपीआयमधून दिलेली सरकारी माहिती वापरण्यासाठीच दिलेली असते. तिथे वापराच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचा आणि पानावर स्रोताचं नाव द्या. पान खरवडत असाल तर त्या संकेतस्थळाच्या अटी आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बघा, आणि विनंत्या सावकाश पाठवा. भावाच्या माहितीत कुणाचं नाव नसतं, म्हणून ती सोपी. कर्जमाफीच्या, अनुदानाच्या याद्यांमध्ये शेतकऱ्यांची नावं असतात. गावाच्या फलकावर लावलेली यादी गावापुरती असते. ती खेचून जगाला शोधता येईल अशी करणं ही निराळीच गोष्ट झाली. आपल्या जिल्ह्यात कर्ज या शब्दाला काय वजन आहे ते मी सांगायला नको. मी त्या याद्यांना हात लावत नाही.

प्रश्न: पायथन येत नसेल तर?

गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट-एचटीएमएल नावाचं सूत्र आहे. पानाचा पत्ता आणि कितवा तक्ता ते सांगितलं की तो शीटमध्ये उतरतो. मात्र तक्ता मूळ पानातच असायला हवा, नंतर भरलेला चालत नाही. ती शीट सीएसव्ही म्हणून प्रसिद्ध करून आपल्या पानात वाचता येते. सुरुवातीला पुरेसं आहे. चाळण्या मात्र तिथेही लावाव्या लागतील.

प्रश्न: व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भावाचे फोटो रोज येतातच. मग पान कशाला?

फार चांगला प्रश्न. लोक पान उघडणार नाहीत, ग्रुपच बघतील, हे धरूनच चाला. म्हणून पानावर प्रत्येक ओळीपुढे एक बटण द्या. ते दाबलं की चित्र नाही, साधा मजकूर तयार व्हावा: कापूस, पांढरकवडा, अमुक तारखेची खरेदी, सर्वसाधारण दर इतका, आवक इतकी, आकडे कृषी पणन मंडळाचे, आणि शेवटी पानाचा पत्ता. चित्रातला आकडा शोधता येत नाही, दृष्टिहीन माणसाचा फोन तो नीट वाचून दाखवेलच याची खात्री नसते, आणि चित्राची वरची पट्टी कापली की तारीख जाते. मजकुरात तारीख आकड्याच्या शेजारीच बसलेली असते, पुढे ढकलताना ती सोबतच जाते.